बंद घरातला मृत्यू आणि कोर्टाचा निकाल: निकालपत्र कसं वाचायचं, सारडा केस समोर ठेवून

बायको घरात मेलेली सापडली, नवरा म्हणतो आत्महत्या, माहेरचे म्हणतात मारली. अशी बातमी आली की तासाभरात ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात, आणि पुढे कधीतरी निकाल लागला की परत त्याच दोन पार्ट्या, एक म्हणणार पैसे चारले असणार, दुसरी म्हणणार बघा बिचाऱ्याला उगाच अडकवलं होतं. निकालपत्र मात्र दोघांतल्या कोणीच उघडलेलं नसतं. ते फुकट मिळतं, फक्त सुरुवात कुठून करायची ते कळत नाही आणि शंभर पानं इंग्रजी बघून माणूस गार पडतो. मी वकील नाहीये, वकिलाच्या ऑफिसात कागद टाईप करण्यात नि फायली लावण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलं पान आधी उलटायचं एवढं नक्की सांगू शकते.

उदाहरणाला घेतेय शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. केस पुण्याची, सुप्रीम कोर्टाचा निकाल १७ जुलै १९८४ चा. ही घेण्याचं कारण म्हणजे आज देशात कुठल्याही सेशन्स कोर्टात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेली खुनाची केस चालली की बचावाचा वकील हा निकाल काढतोच काढतो, आणि दुसरीकडे ज्या मंजुश्रीच्या, म्हणजे आरोपी शरद सारडाच्या बायकोच्या, मृत्यूची ही केस, तिचं नाव घेऊन पुण्यातल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. म्हणजे वकिलांसाठी जो आदर्श निकाल तोच अनेक जणींसाठी अन्यायाचा निकाल. मला वाटतं दोघांचंही म्हणणं एकाच वेळी बरोबर असू शकतं, आणि ते कसं हे निकाल वाचल्याशिवाय कळत नाही.

आधी कागद मिळवा. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर पोर्टलवर मोफत आहेत, काहींचं मराठी भाषांतरही तिथे मिळतं (भाषांतर समजून घ्यायला ठीक, वाद घालायला मात्र मूळ इंग्रजीच धरायचं). इंडियन कानून या साईटवर नाव टाकलं तरी सापडतो. जिल्हा कोर्टातली सध्याची केस असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाका, तारखा, ऑर्डरी आणि निकाल लागला असेल तर तोही दिसतो. बातमीवर विसंबू नका, बातमीत "पुराव्याअभावी सुटका" एवढंच असतं आणि नेमका कुठला पुरावा कमी पडला तेच त्यात नसतं.

कागद हातात आला की पहिल्या पानापासून वाचत सुटू नका. आधी शेवटचं पान बघा, कुठल्या कलमाखाली काय झालं ते. मग कोऱ्या कागदावर तारखा काढा. सारडा केसमध्ये लग्न ११ फेब्रुवारी १९८२, मृत्यू ११-१२ जून १९८२ च्या रात्री, म्हणजे लग्नाला पुरते चार महिने होतायत तोच. त्यानंतर पुण्याच्या सेशन्स कोर्टाने नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली, मुंबई हायकोर्टाने ती कायम केली आणि सुप्रीम कोर्टाने पूर्ण निर्दोष सोडलं, आणि हे सगळं मृत्यूपासून सव्वादोन वर्षांच्या आत!! आज एवढ्यात चार्ज फ्रेम झाला, म्हणजे नुसते आरोप निश्चित झाले, तरी लोक पेढे वाटतील. तेव्हा आपल्याकडे न्यायाचा प्रॉब्लेम फक्त उशीर हाच, असं जे आपण येता जाता म्हणतो ते या केसला लागू होत नाही, इथे सगळं झटपट झालं आणि तरीही एकाच पुराव्यावर दोन कोर्टं म्हणाली फासावर चढवा आणि तिसरं म्हणालं घरी जाऊ दे.

तारखांच्या यादीत खरं बघायचं असतं ते पहिल्या दोन-तीन दिवसांचं. मृत्यू कधी, पोलिसांना कोणी आणि कधी कळवलं, आधी नुसती अकस्मात मृत्यूची नोंद झाली का (पोलीस त्याला ए.डी. म्हणतात), घटनास्थळ पंचनामा किती वाजता, वस्तू जप्त कधी झाल्या, त्या मुद्देमालाच्या खोलीत किती दिवस पडल्या आणि लॅबला कधी गेल्या. यातलं एखादं अंतर मोठं दिसलं की तिथे पेन्सिलने खूण करा, कारण उलटतपासणी तिथेच होणार असते. पंच कोण तेही बघा, तेच ते दोघं-तिघं पोलिस स्टेशनच्या प्रत्येक पंचनाम्यावर सही करणारे असतील तर बचावाचा वकील त्यांना सोडत नाही.

हे पहिले दोन दिवस किती महागात पडतात ते बघायचं तर नोएडाचं आरुषी-हेमराज प्रकरण बघा. १६ मे २००८ ला सकाळी आरुषी या मुलीचा खून उघडकीला आला, घरातला नोकर हेमराज गायब म्हणून संशय त्याच्यावर, घरात नातेवाईक, शेजारी, पत्रकार सगळ्यांची ये-जा चालू, गच्चीच्या दाराला कुलूप होतं ते त्या दिवशी कोणी उघडलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीवर त्याच नोकराचा मृतदेह सापडला. पुढे केस सीबीआयकडे गेली, सीबीआयने २०१० च्या डिसेंबरात क्लोजर रिपोर्ट (केस बंद करा असा अहवाल) दिला, मॅजिस्ट्रेटने तो नाकारून त्याच कागदांवर आईवडिलांविरुद्ध केस चालवायला घेतली, २०१३ मध्ये दोघांना जन्मठेप आणि १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाने दोघांना निर्दोष सोडलं. त्यात एक उशीच्या अभ्र्याची गोष्ट आहे, ती जरूर शोधून वाचा. हैदराबादच्या लॅबच्या रिपोर्टप्रमाणे हेमराजचं रक्त ज्या अभ्र्यावर होतं तो अभ्रा दुसऱ्याच एका संशयिताच्या खोलीतून जप्त केलेला होता. हे बचाव पक्षाने दाखवल्यावर सीबीआयचं म्हणणं आलं की ती टायपिंगची चूक, लेबलांची अदलाबदल झाली. आता ती चूक होती की नव्हती हे कोणाला कसं कळणार? लेबल हाच तर पुरावा असतो, तेच चुकलं तर अभ्रा म्हणजे नुसतं कापड.

पुढची पायरी, मृत्यू कशाने झाला आणि तो कोणी घडवला हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. लोक इथेच घसरतात. शवविच्छेदनाच्या रिपोर्टमध्ये शेवटी मत लिहायची जागा असते, तिथे बऱ्याचदा "मत राखून ठेवले, व्हिसेरा जपून ठेवला" असंच असतं (व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले पोटातल्या अवयवांचे भाग) आणि खरं उत्तर केमिकल ॲनालायझरकडून कितीतरी महिन्यांनी येतं. गळा दाबल्याच्या, मारहाणीच्या केसमध्ये डॉक्टर खून की नाही हे बऱ्यापैकी सांगू शकतो, पण विषाच्या केसमध्ये डॉक्टर एवढंच सांगतो की विष होतं. ते तिने घेतलं की कोणी पाजलं हे व्हिसेरा सांगत नाही. मंजुश्रीचा मृत्यू पोटॅशियम सायनाईडने झाला याबद्दल कुठल्याच कोर्टात वाद नव्हता, वाद होता तो बाटली कोणाच्या हातात होती याचा.

विषाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट चार गोष्टी तपासायला सांगतं. मारण्याचा स्पष्ट हेतू होता का, मृत्यू त्याच विषाने झाला का, आरोपीकडे ते विष होतं का, आणि ते द्यायची संधी त्याला होती का. सारडा केसमध्ये तिसऱ्यावर गाडी अडली, नवरा केमिकल इंजिनिअर होता हे खरं पण सायनाईड त्याच्याकडे होतं, त्याने कुठून आणलं, याचा पुरावा नव्हता. आता तुम्ही म्हणाल केमिकल इंजिनिअरला सायनाईड मिळवायला काय लागतंय. बरोबर आहे, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, पण "मिळू शकतं" आणि "मिळवलं" यात जे अंतर आहे त्यावरच सगळा निकाल उभा आहे. हे अंतर सुप्रीम कोर्टाने आधीच्या एका महाराष्ट्रातल्याच केसमध्ये, शिवाजी बोबडे, १९७३, सांगून ठेवलेलं होतं, की "असू शकेल" आणि "असलंच पाहिजे" यांच्यात लांबचा रस्ता आहे.

आता मुख्य काम. निकालात "परिस्थितीजन्य पुरावा" असा भाग येतो तिथे थांबा आणि कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात परिस्थिती लिहा (उदा. त्या रात्री नवरा घरात होता), दुसऱ्यात ती कोणत्या साक्षीदाराने किंवा कोणत्या निशाणीने (कोर्टात नंबर पडलेल्या कागदाने) सिद्ध झाली ते, आणि तिसऱ्यात त्याच गोष्टीचा दुसरा कुठला सरळ अर्थ निघतो का ते. सारडा निकालातलं ज्याला पंचशील म्हणतात ते याच रकान्यांसाठी आहे. माझ्या शब्दांत सांगते: प्रत्येक परिस्थिती नुसती सुचवलेली नाही तर सिद्ध झालेली हवी, ती आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी, ठाम आणि निर्णायक स्वरूपाची हवी, दुसरी कुठलीही शक्यता तिने पुसून टाकायला हवी, आणि सगळ्यांची मिळून साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष आहे असं मानायला वाजवी जागाच उरू नये. तिसरा रकाना रिकामा राहिला तर शिक्षा टिकते, त्यात एक तगडी ओळ जरी लिहावी लागली तरी वरच्या कोर्टात धोका.

आणखी एक बारकं पण फार महत्त्वाचं, आरोपी खोटं बोलला हे त्या साखळीतली कडी होत नाही. नवऱ्याने सांगितलेली वेळ खोटी निघाली की आपण लगेच म्हणतो बघा, लपवतोय म्हणजे केलंय. सारडा निकाल म्हणतो साखळी आधी स्वतःच्या पायावर पूर्ण होऊ दे, मग खोटेपणाने तिला जास्तीचा आधार मिळतो. तुटलेली साखळी जोडायला खोटेपणा वापरता येत नाही.

आता आपल्या देशात रोज होते आणि कोणाच्या डोळ्यावर येत नाही ती चूक. पुरावा संपला की जज आरोपीला एकेक मुद्दा विचारतात, तुझ्याविरुद्ध असं असं आलंय, तुझं काय म्हणणं आहे. याला सगळे ३१३ चा जबाब म्हणतात (आता नवीन कायद्यात कलम ३५१). प्रत्यक्षात काय होतं, स्टेनो किंवा क्लार्कने तयार केलेले प्रश्न असतात, जुन्या केसमधून उचललेले, एकेका प्रश्नात चार-चार साक्षीदार कोंबलेले, आणि आरोपी सगळ्याला "खोटं आहे", "माहीत नाही" म्हणत जातो, वीस मिनिटांत काम खलास, सही. मी असे प्रश्न ढिगाने टाईप केलेत, त्यामुळे ठामपणे सांगते, की फायलीतला सगळ्यात निष्काळजीपणे बनलेला कागद तो असतो. आणि सारडा केसमध्ये त्या कागदाने काय केलं बघा. हायकोर्टाने नवऱ्याविरुद्ध १७ परिस्थिती मोजल्या होत्या, त्यातल्या १० त्याला ३१३ च्या वेळी विचारल्याच गेल्या नव्हत्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं ज्याच्यावर त्याला बोलायची संधीच दिली नाही ते त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, दहाच्या दहा बाजूला काढा. फाशीची केस, आणि अर्ध्याहून जास्त पुरावा प्रश्न न विचारल्यामुळे गेला! पुढच्या काळात कोर्टांनी हे थोडं सैल केलंय, आरोपीचं खरंच नुकसान झालं का ते बघतात, पण कुठल्याही निकालात "हा मुद्दा आरोपीला विचारला गेला नाही" अशी ओळ दिसली की समजा, इथे कोर्टाच्या हातून काहीतरी निसटलंय, आणि त्यात आरोपीच्या वकिलाची काही चलाखी नाहीये.

साक्षी कशा वाचायच्या. निकालात साक्षीचा सारांश असतो, पण मूळ साक्ष मिळाली तर तीच वाचा, आपल्याकडे ती मराठीत असते आणि भाषा एकदा कळली की सोपी जाते. सरतपासणी म्हणजे सरकारी वकिलाने काढून घेतलेलं, ते सगळं गोड असतं. उलटतपासणीत "हे म्हणणे खरे नाही की" ने सुरू होणारी वाक्यं सोडून द्या, ती वकिलाची सूचना आणि साक्षीदाराचा नकार, त्यातून काही सिद्ध होत नाही. "हे म्हणणे खरे आहे की" ने सुरू होणारी मात्र एकेक करून वाचा, कबुल्या तिथे असतात. आणि सगळ्यात मोठा बॉम्ब असतो तो या वाक्यात: "सदर मजकूर माझ्या पोलीस जबाबात का लिहिलेला नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." समजा, मयत मुलीच्या भावाने कोर्टात सांगितलं की ती फोनवर रडत म्हणाली मला मारून टाकतील, पण पोलिसांनी घेतलेल्या जबाबात ते नाहीच. भाऊ खोटं बोलतोय असं नाही, कदाचित हवालदाराने घाईघाईत चार ओळीत गुंडाळलं असेल, कदाचित मुलगी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला काही सुचत नसेल. कोर्टाला मात्र तो फरक दिसतो आणि त्याला सुधारणा म्हणतात, आणि सुधारणा म्हणजे बनाव असा अर्थ काढायला वेळ लागत नाही.

यातूनच सारडा केसच्या ज्या भागाशी मी दरवेळी अडखळते तो भाग येतो, मंजुश्रीची पत्रं. मृत्यूच्या आधीच्या दिवसांत तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली. मेलेल्या माणसाचं म्हणणं पुराव्यात येतं का, तर येतं, जुन्या पुरावा कायद्याचं कलम ३२, आता कलम २६, मृत्यूचं कारण किंवा ज्या घडामोडींतून मृत्यू झाला त्याबद्दल बोललेलं किंवा लिहिलेलं असेल तर. आपला कायदा इंग्लंडच्या जुन्या नियमासारखा मरणाच्या दारात असतानाच बोललेलं हवं असं म्हणत नाही, आणि सारडा निकालाने हा अर्थ आणखी मोकळा केला. म्हणजे या निकालामुळे नंतरच्या कितीतरी मुलींची पत्रं, चिठ्ठ्या आणि आता व्हॉट्सॲप मेसेज कोर्टात आत आले, हे कोणी सांगत नाही.

पण आत घेतल्यावर त्या पत्रांचा अर्थ काय लावला? हायकोर्टाला त्यात नवऱ्याच्या दुर्लक्षाने पिचलेली नवी नवरी दिसली, सुप्रीम कोर्टाला त्याच ओळींत स्वतःच जीव देऊ शकेल अशी खचलेली, हळवी मुलगी दिसली. शब्द तेच. आणि आईवडील, नातेवाईक, मैत्रीण यांनी तोंडी जे सांगितलं त्याबद्दल कोर्टाचा सूर असा की जवळची माणसं प्रेमापोटी वाढवून सांगतात, पत्रात नाही ते नंतर घातलेलं असू शकतं. कायद्याच्या बाजूने यात चुकीचं काही नाही, फाशी द्यायची तर संशयाला जागा नको. पण सासरी चार महिने काढलेली मुलगी पत्रात सगळं लिहिते हे गृहीतच मला पटत नाही. आपल्याकडे मुलगी पत्रात लिहायची "मी सुखरूप आहे, काळजी नसावी" आणि उरलेलं आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगायची. न्यायमूर्ती तिघं होते, फजल अली, वरदराजन आणि सव्यसाची मुखर्जी, तिघांनीही वेगवेगळं लिहिलं आणि निष्कर्ष एकच काढला. तिन्ही वाचा, एक वाचून थांबू नका, सूर वेगळे आहेत.

आणि इथे एक गोष्ट जी निकालपत्रात सापडणार नाही, ती निकालाच्या आजूबाजूच्या कायद्यात बघायची. ज्या रात्री मंजुश्री गेली त्या रात्री देशात सासरच्या छळाचं ४९८-अ हे कलमच नव्हतं. ते आलं १९८३ च्या अखेरीला, त्याच वेळी लग्नाच्या सात वर्षांच्या आतली आत्महत्या आणि त्याआधी छळ असेल तर कोर्टाला सासरच्यांविरुद्ध गृहीत धरता येईल अशी तरतूद आली, आणि हुंडाबळीचं ३०४-ब आलं १९८६ ला. म्हणजे १९८२ च्या केसमध्ये सरकारी पक्षाकडे जवळपास दोनच टोकं होती, खून सिद्ध करा नाहीतर रिकाम्या हाताने घरी जा. छळ, अपमान, दुर्लक्ष यांना स्वतःचं असं कलम नव्हतं, आणि आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं जे जुनं कलम होतं त्याला गृहीतकाचा आधार नव्हता. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी नारी समता मंच उभा केला, "मी एक मंजुश्री" नावाचं प्रदर्शन गावोगाव नेलं, त्यांचा राग फक्त एका निकालावर नव्हता, घराच्या आत जे होतं ते बाहेर बोलायला जागाच नाही यावर होता. म्हणून मी म्हटलं दोघांचं बरोबर, खून शंकेपलीकडे सिद्ध झाला नाही हेही खरं आणि त्या चार महिन्यांचा हिशोब कोणी मागितला नाही हेही खरं.

पुढचा शब्द लक्षात ठेवा, कलम १०६ (आता १०९). जी गोष्ट खास आरोपीलाच माहीत असू शकते ती त्याने सांगायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. दार आतून बंद, आत दोघंच, एक मेलं, तर दुसऱ्याने सांगावं काय झालं. त्रिमुख मारोती किरकन, २००६, हीसुद्धा महाराष्ट्रातलीच केस. नवऱ्याने सांगितलं बायकोला साप चावला, शवविच्छेदनात निघालं गळा आवळलाय. सुप्रीम कोर्ट म्हणालं घराच्या चार भिंतींत झालेल्या गुन्ह्यात सरकारी पक्षाचं ओझं तुलनेने हलकं असतं, घरातल्या माणसाला पटेल असं स्पष्टीकरण द्यावंच लागेल, नाही दिलं किंवा खोटं दिलं तर ती साखळीतली जास्तीची कडी. शिक्षा कायम. मग वर सांगितलेल्या सारडा निकालाशी हे भांडतं का? वरवर भांडतं, पण निकाल वाचताना क्रम बघा, आधी सरकारी पक्षाने दाखवायचं की हा खूनच आहे आणि त्या वेळी घरात दुसरं कोणी असू शकत नव्हतं, मग १०६ येतं. आरुषी प्रकरणात हायकोर्टाने नेमकं हेच धरलं, बाहेरचं कोणी आत येऊच शकत नव्हतं हे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा आईवडिलांनी सांगावं असं म्हणता येत नाही. जिथे खालच्या कोर्टाने १०६ पहिल्याच पानावर आणलंय तिथे समजायचं की उरलेला पुरावा पातळ आहे.

खालच्या कोर्टाच्या निकालाची भाषा पण वाचा. विशेषणं मोजा. नराधम, क्रूरकर्मा, संस्कृतीला काळिमा असले शब्द जितके जास्त तितका मी पुरावा जास्त बारकाईने तपासते. आरुषीच्या निकालात अलाहाबादच्या एका न्यायमूर्तींनी खालच्या जजबद्दल लिहिलंय की त्यांनी गणिताच्या शिक्षकासारखं उत्तर आधी धरून गणित सोडवलं आणि सिनेमाच्या दिग्दर्शकासारखे तुटक तुकडे जोडून गोष्ट रचली. वरचं कोर्ट खालच्याला असं बोलतं हे क्वचित.

आणि काय वाचायचं नाही तेही सांगते. नार्को टेस्टचे व्हिडिओ, "पोलिसांसमोर कबुली" च्या बातम्या, शेजारणीच्या मुलाखती. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, फक्त तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, आणि संमतीशिवाय नार्को करताच येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सेल्वी निकालात स्पष्ट केलंय.

"संशयाचा फायदा देऊन मुक्त" वाचलं की लोक म्हणतात म्हणजे केलं होतं पण सुटला. नाही. कायद्यात तो निर्दोषच, आणि त्याला खुनी म्हणून पोस्ट टाकलीत तर तुमच्यावर बदनामीची केस होऊ शकते. उलट्या बाजूने, त्या निकालाचा अर्थ मुलीचे आईवडील खोटारडे होते असाही होत नाही, हे सुटलेल्याच्या बाजूने नाचणाऱ्यांना सांगायला हवं.

आता ज्यांच्या घरातच असं घडलंय आणि केस अजून व्हायचीय त्यांच्यासाठी, कारण मला फोन येतात ते अशांचेच.

मुलगी गेली आणि लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर पंचनामा तहसीलदार किंवा नायब तहसीलदाराकडून म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर व्हायला हवा, तो आग्रह त्याच दिवशी धरा, अंत्यसंस्कार उरकून नंतर नाही. शवविच्छेदनाच्या कॅमेरा शूटिंगची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. पोलीस जबाब घेतात तेव्हा रडत रडत सही करू नका, कोणातरी शांत माणसाला शेजारी बसवा, जबाब वाचून घ्या आणि मुलीने फोनवर सांगितलेली वाक्यं, तारखा, कोणासमोर बोलली हे त्यात आलंय का बघा, वर सांगितलेली ती सुधारणा नावाची भानगड इथेच टळते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. नवीन कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांमध्ये, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचंय आणि तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांत कळवायचंय, तेव्हा विचारा, हक्काने विचारा. सरकारी वकिलाला मदत करायला कोर्टाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो. आरोपी सुटला तर पीडित कुटुंबाला स्वतः अपील करता येतं, ही सोय २००९ च्या अखेरीपासून आहे आणि बऱ्याच वकिलांनाही ती पटकन आठवत नाही.

आणि तुमचा मुलगा किंवा भाऊ आरोपी असेल तरी लाजून घरात बसू नका. त्या रात्रीचं सोसायटीचं, दुकानाचं, टोलनाक्याचं सीसीटीव्ही काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, तपास अधिकाऱ्याला आणि कोर्टाला लगेच लेखी अर्ज द्या की ते जपून ठेवा. डॉक्टरला, ॲम्ब्युलन्सला केलेले कॉल, हॉस्पिटलच्या पावत्या, गेलेल्या बाईची डिप्रेशनची औषधं चालू असतील तर ती चिठ्ठी, सगळं मूळ कागदात सांभाळा. ३१३ च्या वेळी काय बोलायचं हे आदल्या दिवशी वकिलाबरोबर बसून ठरवा, "माहीत नाही, माहीत नाही" म्हणत सुटू नका, कारण त्याच जागी तुमची बाजू स्वतःच्या तोंडून सांगायची संधी असते आणि लेखी म्हणणंही देता येतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, कोठडीतल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो, बाईलाही उत्पन्न न बघता मिळतो.

मोबाईलवरचे मेसेज दोन्ही बाजूंना लागतात, त्यांचे नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. फोन आहे तसा बंद करून ठेवा, प्रिंट द्यायची तर सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५-ब, आता कलम ६३. ते नसल्यामुळे किती वांधे होतात यावर सुप्रीम कोर्टाचा सगळ्यात मोठा निकाल २०२० चा, अर्जुन पंडितराव खोतकर, तोही आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या भांडणातून आलेला. फोन पोलिसांनी जप्त केला तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय नंबर लिहिलाय का ते सही करायच्या आधी वाचून घ्या.